अंगणातली चिवळ

हिंगणघाटात चैत्र सरत आला की वणा नदीचं पात्र आटू लागतं आणि कुंड्यांतली फुलझाडं माना टाकतात. नेमक्या त्याच दिवसांत रांजणाखालच्या ओलीतून एक मऊ हिरवी जाळी जमिनीलगत पसरू लागते. बघता बघता फरशीच्या फटी भरतात, वाफ्याचा काठ दिसेनासा होतो. नवं घर बांधलेली माणसं घाबरून तणनाशकाची बाटली शोधतात. त्यांना हात धरून खाली बसवावं, जवळून बघायला लावावं, असं मला फार वाटतं.

दोऱ्यासारखी लालसर खोडं. तांदळाच्या दाण्याएवढी गुबगुबीत पानं, समोरासमोर जोडीनं आलेली. पेरापेरांशी पांढरे केस आणि तिथूनच मातीत उतरलेली मुळं. पसरण्याचं सगळं बळ त्यांच्यात. ऊन चढलं की इवलं पिवळं फूल उमलतं, त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. चार असल्या तर ही चिवळ. पाकळ्या पाच आणि पान मोठं, टोकाशी रुंद असेल तर ती तिची थोरली बहीण, घोळ. खोड मोडून पांढरा चीक निघाला तर मात्र ती दुधी. ती ताटात घ्यायची नाही.

या कुळाची तग धरण्याची रीत विलक्षण आहे. पाणी तुटलं की घोळ दिवसा पानांची रंध्रं मिटते, रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो आम्लाच्या रूपात साठवते. मका-उसासारखी उन्हाळी रीत आणि निवडुंगासारखी दुष्काळी रीत तिच्या एकाच पेशीत नांदतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात चिवळ बाजारात ढिगानं येते. निवडायला जीव मेटाकुटीला येतो आणि चार पाण्यांनी धुतल्याशिवाय माती सुटत नाही. पण लसूण, लाल मिरचीच्या फोडणीत भिजवलेली चणाडाळ परतून त्यात ती घातली, की आंबूस-खारट चवीपुढे भर उन्हातही भाकरी कमी पडते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानं खावी. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.

फवारणी झालेल्या कपाशीच्या धुऱ्यावरची चिवळ आणू नये. अंगणातलीच खुडावी, वरची कोवळी टोकं तेवढी, आणि मुळं धरलेली पेरं मातीत राहू द्यावीत.