शिफारसपत्र

वसईतील आमच्या धर्मग्रामातील दोन भावंडे एकदा माझ्याकडे शिफारसपत्रासाठी आली. मुलाला विमानतळावर सामान-तपासणीचे काम हवे होते. मुलीला रुग्णालयाच्या विमा-कक्षात. "फादर, तुमचा एक शब्द पुरे," त्यांची आई म्हणाली. 'प्रामाणिक' हा शब्द मी सवयीनेच लिहिला.

नोकऱ्या मात्र पत्राने मिळाल्या नाहीत. मुलाची पोलीस पडताळणी झाली; क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी व धातू निळे दिसतात, येथपासून शिकत तो तपासनिसाची परीक्षा दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. मुलगी विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचे अर्ज पाठविण्यात तरबेज झाली.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण त्याच रुग्णालयात होती. घरी सोडण्याची विनंती आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा 2024 चा नियम आहे. परंतु आमचे कागद अजून टेबलावरच होते. मी हळूच म्हणालो, "बाळ, आमचे आधी पाहशील?"

ती उठून उभी राहिली. "फादर, ते आजोबा तुमच्या आधी आलेत."

मी बाकावर जाऊन बसलो. सवयीने लिहिलेला तो शब्द खरा होता, हे मला त्या दिवशी कळले.