घुबड घेण्याआधी

रत्नागिरी

चि. भाचीस,


अथेन्सच्या नाण्याचा फोटो मिळाला. नाणं देखणं आहे, वाद नाही. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसरीकडे बटबटीत डोळ्यांचं घुबड, त्याच्या डोक्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि पुढ्यात शहराच्या नावाची तीन अक्षरं. ‘घुबड कसलं आणतेस घरात’ म्हणून तुझी आई कातावली आहे, ते तुम्ही मायलेकी बघून घ्या. लिलावात बोली लावू का, एवढंच तू मला विचारलं आहेस. मी म्हणतो, इतक्यात नको.

नाणं खोटं असेल म्हणून नव्हे. तो तपास तुझा तुलाही बराचसा करता येईल. अथेन्सच्या मापाचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, म्हणजे हे चार द्राख्मांचं नाणं १७.२ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. थोडं झिजलं असेल तर समजू शकतं, पण दीड-दोन ग्रॅम कमी भरलं तर हात आवर. मग कड बघ. ही नाणी ओतून केलेली नसत, ठोकून पाडलेली असत. एक ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरून घणाचा घाव. अशा घावाने चांदी कडेला पसरते, कधी तडकते, चित्र एका बाजूला सरकतं. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला शिवण असते किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा असतात. भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ. पाण्यात तोलून धातूही अजमावता येतो. शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, सोनं १९.३ पट. आतून तांबं आणि वरून चांदीचा पत्रा अशी लबाडी तर त्या काळातही चालायची.

एवढं करूनही फसायची सोय आहेच. तू राहतेस त्या जर्मनीतच कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा एक उस्ताद होऊन गेला, १८३० साली वारला. तो ओतायच्या भानगडीत पडत नसे. स्वतः ठसे कोरायचा आणि रीतसर ठोकून नाणी पाडायचा. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून पेटी घोडागाडीला बांधायचा आणि फिरवून आणायचा. ‘म्हाताऱ्यांना हवा खायला नेतो’ असं म्हणायचा म्हणे. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले. कधी तिकडे गेलीस तर चौकशी कर, मला त्या माणसाबद्दल चोरटं कौतुक आहे.

माझी हरकत वेगळीच आहे. लिलावाच्या यादीत त्या घुबडापुढे ‘एका युरोपीय संग्रहातून’ एवढंच छापलं आहे. कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, किती नाण्यांत सापडलं? काही नाही. असं एकटं नाणं आपलं नाव, गाव आणि वजन सांगून गप्प बसतं. इतिहास हवा असेल तर अख्खा हंडा लागतो, आणि तो मोजणारं कुणीतरी लागतं.

आपल्या नाशिकजवळच्या जोगलटेंभीचं घे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. सुमारे १३,२५० नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर, पाठीवर उज्जैनी चिन्ह आणि भोवती स्वतःचं नाव. उरलेली चार हजार जशीच्या तशी. मधल्या दुसऱ्या कुणा राजाचं एकही नाणं त्यात नाही. म्हणजे नहपानानंतर थेट गौतमीपुत्र. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाने क्षहरातांचा निर्वंश केला असं कोरून ठेवलं आहे. ती आईने केलेली स्तुती म्हणून कुणी सोडून दिली असती, पण या साठ्याने तिला साक्ष दिली. आता हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर? प्रत्येक गिऱ्हाइकाने ‘वा, दोन राजांचा ठसा!’ म्हणून डबीत ठेवलं असतं आणि गणित कुणालाच सुटलं नसतं. स्कॉटना आणखी एक गोष्ट दिसली, तीही ढीग समोर होता म्हणूनच. राजाचं नाव एकच, पण चेहरे वेगवेगळे: कुठे तरुण, कुठे गाल बसलेला, नाकंही निराळी. हे नहपानाच्या घराण्यातले निरनिराळे पुरुष असावेत असं त्यांचं मत पडलं. मला वाटतं ठसे कोरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी राजाला कधी पाहिलंच नसावं.

तू म्हणशील, मी ग्रीक नाण्याचं विचारलं आणि मामा नहपान घेऊन बसला. अगं, तेच सांगतोय. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरं आहेत! भाषा मात्र प्राकृत. मागे बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत. गणितामुळे तुला ग्रीक अक्षरं ओळखीची आहेत, तेव्हा तुला स्वतः वाचता येईल असं हे नाणं आहे. ही रीत आली मेनांदर आणि अपोलोदोतस या यवन, म्हणजे ग्रीक, राजांकडून. मेनांदर म्हणजे आपल्या ‘मिलिंदपञ्ह’मधला मिलिंद. त्याच्या चांदीच्या द्राख्म्यावर पुढे ग्रीकमध्ये राजा, तारणहार, मेनांदर. मागे वज्र फेकणारी अथीना आणि तोच मजकूर खरोष्ठीत, ‘महरजस त्रतरस’. अशा दुभाषी नाण्यांवरूनच प्रिन्सेप आणि त्याच्या सोबत्यांनी १८३०च्या दशकात खरोष्ठी सोडवली. वजन मात्र अथेन्सचं नाही. हिंदुस्थानात उतरल्यावर द्राख्मा अडीच ग्रॅमच्याही किंचित आत आला. नहपानाचं नाणं त्याच्याच जवळपास भरतं.

हे यवनी नाणं आपल्या किनाऱ्याला किती परिचित होतं, ते ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या खलाशाने सांगून ठेवलं आहे. पहिल्या शतकाच्या मध्याचा तो. मेनांदरला जाऊन जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती, तरी भडोचच्या बाजारात त्याचे आणि अपोलोदोतसचे जुने द्राख्मे अजून चालतात, असं तो लिहितो. कल्याणला चुकून ग्रीक गलबत लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात, हेही त्याचंच. त्याखाली तो दक्षिणेकडची बंदरं मोजत येतो. चौलनंतर येणारं मंदगोरा म्हणजे आपल्या बाणकोट-मंडणगडची बाजू, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

सोन्याची गोष्ट आपल्याकडे निराळी. यवन राजांनी इथे पाडलं ते मुख्यतः चांदी आणि तांबं. पॅरिसला असलेलं युक्रतिद राजाचं १६९ ग्रॅमचं सोन्याचं नाणं हा बाख्त्रियातला थाट. नाशिकच्या लेखात नहपानाचा जावई उषवदात ७० हजार कार्षापणांचा हिशेब २ हजार सुवर्णांत देतो, एका सुवर्णाला ३५ कार्षापण. म्हणजे चांदी मोजायची आणि सोन्यात बोलायचं, हे आपल्याकडे तेव्हापासून आहे.

माझ्या जीवाला खरी भुरळ पडते ती या चांदीच्या नाण्याच्या पुढच्या वंशावळीची. नहपानानंतरच्या क्षत्रपांनी ती ग्रीक अक्षरं चालू ठेवली, पण वाचणारा कुणी उरला नाही. पिढी दर पिढी ती मोडत गेली, नुसत्या रेघा आणि वर्तुळं झाली. गुप्तांच्या पश्चिमेकडच्या चांदीवरसुद्धा त्यांचे अवशेष दिसतात. मग त्रैकूटक, आणि सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराज: पुढे राजाचं मुख, मागे बसलेला नंदी, भोवती स्वच्छ ब्राह्मी. अथीना गेली, नंदी आला. आकार, वजन आणि उजवीकडे बघणारं डोकं मात्र तेच. आणि इथेही भडोचची गोष्ट पुन्हा घडली. इ. स. ७१०च्या सुमाराच्या अंजनेरी ताम्रपटात, म्हणजे कृष्णराजानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, देणं ‘कृष्णराज रूपकां’त सांगितलं आहे. तो ताम्रपट संपादित केला वा. वि. मिराशींनी. मिराशी आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुवळ्याचे, १८९३ सालचा जन्म. नागपुरात आयुष्य काढलं, पण माणूस आपल्याकडचा, हे मी कुणालाही ऐकवतो. त्याच अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. सुट्टीत आलीस की तिथे जाऊ.

आता व्यवहाराचं. माझ्याकडची नहपानाची नाणी तुला हवी आहेत, हे मला ठाऊक आहे. ती तुला इथे येऊनच बघावी लागतील. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि मला ते पटतं. आपल्याकडे घराचा पाया खणताना मडकं लागलं की पहिली धाव सोनाराकडे, दुसऱ्या दिवशी मोडीत. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवं, हे सांगणारा निखात निधी कायदा १८७८चा आहे. इतक्या वर्षांत तो सांगावा लागतोच आहे.

तेव्हा लिलाववाल्यांना पत्र टाक. वजन शतांश ग्रॅमपर्यंत, दोन्ही ठशांची दिशा, कडेचा फोटो आणि मुख्य म्हणजे आधीच्या मालकांची नावं किंवा जुन्या विक्रीचा छापील दाखला माग. १९७०च्या आधीचा दाखला मिळाला तर घे खुशाल, मी आडवा येणार नाही. टाळाटाळ केली तर त्याच पैशांत एक स्वस्त, झिजलेला मेनांदर बघ. पण त्याचाही दाखला मागायचा, दोन हजार वर्षांचा म्हणून त्याला सवलत नाही. उत्तर आलं की मला पाठव. जर्मनमध्ये असेल तर मराठी करून.

तुझा,
मामा