आजारी बेब्याचे पाच दिवस

मी कोरगावचा. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गाय, कुत्रा, मांजर यांची आजारपणं गावात बहुतेकांनी काढलेली असतात. पण बेडकाचं आजारपण काढलेला माणूस मला तरी भेटला नाही, म्हणून हे लिहितो.

बेडकाला आमच्याकडे बेबो म्हणतात. लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की शेतात रात्रभर त्यांचा गजर चाले. मोठ्या जातीचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. त्याच रात्री माणसं पेट्रोमॅक्स आणि गोणी घेऊन शेतात उतरत. डोळ्यांवर उजेड पडला की बेबो जागचा हलत नाही, त्यामुळे गोणी भरायला वेळ लागत नसे. हॉटेलांत त्याचं नाव झालं 'जंपिंग चिकन'. देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशीही जात. ती निर्यात 1987 साली बंद झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे त्याला पकडणं, मारणं गुन्हा आहे; तरी चोरून पकडणारे आहेतच. बँकेत असताना पीककर्जाचे कितीतरी कागद पाहिले. बियाणं, खत, औषध सगळ्याचा खर्च त्यात धरलेला असे. फुकटात किडे खाणाऱ्या बेब्याचा हिशेब कोणी मांडत नसे.

तर गेल्या जूनमध्ये पाऊस एकदा पडला आणि आठवडाभर गायब झाला. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या कोरड्या टाकीत माझ्या नातीला एक मोठा बेबो दिसला. अंगभर सिमेंटची धूळ, कातडी सुकलेली, हात लावला तरी उडी नाही. उचलून घरी आणला. आमची ही लगेच हळद घेऊन आली. मी म्हटलं, थांब, आधी विचारू.

ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हळद, तेल, मलम काही नको. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीने शोषून घेतो. श्वाससुद्धा थोडा कातडीतून घेतो. वरून लावाल ते आत जाईल."

मग विहिरीच्या पाण्याने धूळ हळूहळू धुऊन काढली. टबात बोटाच्या पेराएवढंच पाणी घातलं, कारण अशक्त बेडूक जास्त पाण्यात बुडूनही मरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून ते वापरलं नाही. एका बाजूला कौल तिरकं ठेवलं, वर ओलं गोणपाट, आणि टब पडवीत सावलीला. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. त्याला हात लावण्याआधी आपले हात नुसत्या पाण्याने धुवायचे, नंतर मात्र साबणाने.

शेजारचा एकजण डोकावून म्हणाला, "भाऊ, बेब्याक सलायन लायतात काय तुमी?" सगळे हसले. नात नाही हसली.

दोन दिवस तो तसाच. गांडूळ पुढे ठेवलं तरी बघेना. जबरदस्तीने भरवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेडकाला बरगड्या नसतात. गळा खाली-वर करून तो हवा फुप्फुसात ढकलतो. म्हणून रात्री उठून मी बॅटरीच्या उजेडात गळा हलतोय का एवढंच बघत असे. हॉस्पिटलात आपल्या माणसाच्या उशाशी बसल्यावर बघतो तसं. तिसऱ्या रात्री गळा इतका मंद हलत होता की सकाळी नातीला काय सांगायचं याची मी मनात तयारी केली होती.

सकाळी तो कौलावर चढून बसलेला! चौथ्या दिवशी गांडूळ गट्ट केलं. गिळताना त्याचे डोळे आत गेले तशी नात घाबरली. डोळे खाली दाबूनच तो घास आत ढकलतो, हे मी तिला सांगितलं.

पाचव्या दिवशी पाऊस कोसळला. नात म्हणाली, "आजोबा, काचेच्या पेटीत ठेवूया ना त्याला." मी म्हटलं, "बाळा, कायदा तर नाहीच म्हणतो. पण त्याच्या जातीच्या हाका-गाठीच्या रात्री वर्षातून मोजक्याच. त्या आपण पडवीत घालवायला लावायच्या का?" ती बराच वेळ बोलली नाही. मग स्वतःच टब उचलून चालू लागली. बांधावर टब आडवा केला. क्षणभर बसून त्याने दोन उड्या मारल्या आणि दिसेनासा झाला. नर होता की मादी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

कोणाला असा बेबो सापडला तर एवढंच करा: सावली, थोडं विहिरीचं पाणी, घरगुती औषध काही नाही. जखम असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना किंवा वनखात्याला कळवा. आणि बरा झाला की जवळच्याच शेतात सोडा.

तुमच्या गावात पहिल्या पावसाला बेबो अजून ओरडतात का? जरूर लिहा.