आधी घासणं, मग कल्हई

आमच्या दारात एक पद्मिनी उभी असते. १९७९ची, पांढरी. आरसी बुकात ‘प्रीमियर पद्मिनी’, मोहल्ल्यासाठी मात्र ‘फियाट’. अब्बांनी ती १९८७ साली एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. कराडात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं छोटं दुकान होतं. तोवर मारुती आली होती, पण अब्बांना ती पत्र्याचा डबा वाटायची. फियाटचं दार लावताना जो जड आवाज येतो, त्याला ते आजही ‘खानदानी आवाज’ म्हणतात. मुंबईत २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्यांनी ती बातमी दोनदा वाचली आणि बाहेर येऊन आमच्या गाडीवरची धूळ पुसली. बोलले काहीच नाहीत.

या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या गाडीची पेट्रोलची टाकी घरच्या अंगणात साफ केली आणि तिला आतून नवं अस्तर दिलं. हे काम मी दुसऱ्यांदा करत होतो. पहिल्यांदा कसं केलं, ते आधी सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी पेट्रोलच्या फिल्टरमध्ये तांबूस भुकटी दिसू लागली. टाकी आतून गंजत होती. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, अस्तराचं औषध मागवलं आणि एका रविवारी जोहरनंतर कामाला लागलो. थोडं पेट्रोल आत फिरवून ओतून टाकलं, टाकी तासभर उन्हात ठेवली आणि औषध ओतलं. मगरीबच्या अजानपर्यंत काम संपलं. आत टॉर्च मारून पाहिलं तर सगळं राखाडी, गुळगुळीत, चकचकीत. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “घासलीस का आतून?” मी म्हटलं, “अब्बा, हे नवीन केमिकल आहे. गंजावरच बसतं.” ते गप्प राहिले.

दहा महिन्यांनी आम्ही चिपळूणला निघालो. अम्मीचं माहेर तिकडचं. तिच्या भाचीच्या मुलीचा निकाह होता. कुंभार्ली घाटात गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पोफळीहून एक मेकॅनिक आला. त्यानं टाकीकडची नळी सोडवली, उलटी हवा मारली आणि तळहातावर काहीतरी घेऊन माझ्यापुढे धरलं. राखाडी पापुद्रे, खालच्या अंगाला लाल. माझं अस्तर गंजाला चिकटलं होतं, पत्र्याला नाही. गंज सुटला तसं तेही सुटलं आणि पेट्रोल जिथून बाहेर पडतं तिथल्या जाळीवर जाऊन बसलं. हवा मारली की गाडी दोन-तीन किलोमीटर चालायची आणि पुन्हा बंद. आम्ही पोचलो तेव्हा निकाह होऊन गेला होता आणि जेवणाची दस्तरखानं गुंडाळली जात होती. अम्मी मला एक शब्दही बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. माहेरी तिचं ते शेवटचं जाणं होतं, आणि त्यातला अर्धा दिवस तिनं घाटात, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून काढला होता.

उर्दूत एक वाक्प्रचार आहे: कलई खुलना. म्हणजे वरचा मुलामा उडून खरं रूप उघडं पडणं. मी तो मुलांना दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी तो मला समजला.

हा शब्द आमच्या घरचाही आहे. दादा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, कल्हईवाले होते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कथील. उर्दूत त्याची कलई झाली, मराठीत कल्हई. दादा भाता आणि कोळशाचं पोतं सायकलला बांधून गावोगाव फिरायचे. मी त्यांना म्हातारपणी पाहिलं, पण भट्टी पेटलेली आठवते. तांब्या-पितळेचं भांडं ते आधी राखेनं आणि वाळूनं घासायचे. मग ते तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि त्यात कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसली की काळं भांडं एका दमात चांदीसारखं व्हायचं. बघणाऱ्या पोरांना तो क्षण हवा असायचा. दादांचा निम्म्याहून जास्त वेळ मात्र घासण्यातच जायचा. “पैले घिस, फिर कल्हई,” हे त्यांचं वाक्य. कुणाच्या भांड्याची कल्हई लवकर उडाली तर पैसे न घेता पुन्हा करून द्यायचे. पुढे स्टील आलं आणि त्यांचा धंदा बसला. त्याच स्टीलचं दुकान अब्बांनी काढलं. घरात यावर कधी कुणी बोललं नाही.

मीही बोललो नाही. बीएडला असताना ओळख करून द्यायची वेळ आली, तेव्हा ‘आजोबा भांड्यांचे व्यापारी होते’ असं मी सांगितलं होतं. भट्टीसमोर उकिडवं बसलेलं, भात्याची साखळी ओढणारं माणूस मी त्या एका शब्दाखाली झाकून टाकलं.

यंदा शाळेला सुट्टी लागल्यावर मी टाकी उतरवली. आधी बॅटरीच्या वायरी काढल्या. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून घट्ट झाकलं. जुन्या वार्निशसारखा वास येत होता. लोकांना भरलेल्या टाकीची भीती वाटते, पण खरी भीती रिकाम्या टाकीची. पेट्रोल पेटतं ते वाफेच्या रूपात, आणि हवेत ती वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार असतं. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. म्हणून काम उघड्या अंगणात केलं. स्वयंपाकघराचं दार लावलं, गॅस बंद, मोबाइलही लांब ठेवला. साबणाच्या गरम पाण्यानं टाकी चारदा धुतली आणि दोन दिवस तोंडं उघडी ठेवून तशीच राहू दिली. अशा टाकीला घाईत वेल्डिंग लावणारे जीव गमावून बसतात. आपल्या गॅरेजवाल्या पोरांना हे सांगायला हवं.

त्यानंतर जुनं अस्तर. हातमोजे आणि मास्क घालून पेंट रिमूव्हर आत फिरवला. दुसऱ्या दिवशी ते दुधावरच्या सायीसारखं सुटून आलं. आता घासणं. टाकीत हात जात नाही, ब्रश कोपऱ्यात पोचत नाही. म्हणून मूठभर नट आणि एक लोखंडी साखळी आत टाकली, टाकी गोधडीत गुंडाळली आणि मी व माझी मुलगी दोन बाजूंनी धरून हलवत राहिलो. दहा मिनिटं हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, असे दोन दिवस. नट टाकताना मुलीनं मोजले होते, बेचाळीस. काढताना एक्केचाळीसच निघाले. तो एक शोधायला अर्धा तास गेला. अब्बा खुर्चीवरून म्हणाले, “टाकताना मोजलेत म्हणून कळलं तरी.”

उरलेल्या गंजासाठी अडीच किलो लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं. ते गटारात ओतलं नाही. खायचा सोडा घालून त्याची आंबट धार मारली आणि गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर ते उचलणाऱ्याकडे दिलं. टाकीही सोड्याच्या पाण्यानं धुतली. उघडा पडलेला पत्रा काही मिनिटांत पुन्हा लालसर होऊ लागतो, म्हणून लगेच फॉस्फरिक ॲसिडचं पाणी फिरवलं. त्यानं पत्र्यावर पातळ राखाडी थर धरतो, तो गंज थोपवतो आणि अस्तराला पकडही देतो. दादांच्या नवसागराचं काम वेगळ्या रीतीनं तेच: धातूचं अंग स्वच्छ करून त्याला तयार करायचं. शेवटी एसीटोननं आतला ओलावा काढला आणि टाकी दिवसभर कडक उन्हात ठेवली. तळाच्या शिवणीपाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक दिसलं.

गंज तळाशीच का धरतो, हे मी मुलीला सांगितलं. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यानं आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली जाऊन बसतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर झालं की पाण्यासकट वेगळं होऊन तळ गाठतं. जुनी रबरं आणि जुनी अस्तरंही त्यापुढे टिकत नाहीत. आमच्याच भागातला ऊस, आमच्याच कारखान्यांची मळी, तीच फिरून माझ्या टाकीत येते. ती म्हणाली, “मग पूर्वी टाक्या कशा टिकायच्या?” त्या काळी पुष्कळ गाड्यांच्या टाक्यांचा पत्रा शिसं आणि कथील यांच्या मिश्रणात बुडवलेला असायचा. अब्बांनी मान वर केली. “म्हणजे कल्हईच.” मी म्हटलं, “हो अब्बा, कल्हईच.” मग मुलीनं विचारलं, “कल्हई म्हणजे?” आणि त्या संध्याकाळी अब्बांनी तिला दादांची सगळी हकीकत सांगितली. भात्याची, उधारीची, भाजलेल्या बोटांची. त्यातलं अर्धं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

अस्तर घालायला फार वेळ लागत नाही. इथेनॉल सोसणारं, दोन भागांचं औषध मिसळलं, ओतलं आणि टाकी हळूहळू एकेका अंगावर कलती करत राहिलो. उरलेलं औषध पूर्ण निथळू द्यायचं. तळाशी साचलं तर आतून ओलं राहतं आणि पुढे सुटतं. पेट्रोलच्या नळीत सायकलच्या पंपानं हवा मारत राहिलो, नाहीतर तीच बंद झाली असती. टाकी आठवडाभर सुकू दिली. रबरी नळ्या नव्या घातल्या, आरपार दिसणारा फिल्टर बसवला.

हलवून हलवून दुखावलेले दंड चोळताना शाळाच आठवत होती. आमच्या उर्दू शाळेत दहावीची मुलं मराठीच्या पेपरात बरे गुण मिळवतात. कारण मी त्यांच्याकडून निबंध पाठ करून घेतो. गेल्या वर्षी एका मुलानं ‘माझी आई’ एकही चूक न करता लिहिला. महिन्याभरानं तो मला स्टँडवर भेटला, तर एसटीच्या पाटीवरचं गाव दुसऱ्याला विचारत होता. जोडाक्षर लागत नव्हतं. चौथी-पाचवीत राहून गेलेलं वाचन मी दहावीत घासायला बसलो नाही. वरून औषध ओतलं. निकाल चकचकीत लागला, आणि माझा सत्कारही झाला. जूनपासून शाळा सुटल्यावर अर्धा तास मी अशा नऊ मुलांना बाराखडीपासून वाचायला बसवतो. त्यांना लाज वाटते. मलाही वाटते, पण वेगळी.

गाडी सुरू झाली तेव्हा अब्बा पुढे बसले. कोयनेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. त्यांनी दार लावलं, आवाज ऐकला. उतरल्यावर मी फिल्टर दाखवला, आत पेट्रोल स्वच्छ होतं. ते म्हणाले, “आता ठीक दिसतंय. पण पुढच्या मेमध्ये उघडून बघ. कल्हई आहे, कायमची नसते.”

पुढच्या मेमध्ये बघायचं आहे. टाकीत, आणि त्या नऊ मुलांच्या वह्यांतही.