स्टोअरच्या अण्णांचं देणं

माझ्या बाबांना घोणस चावली तेव्हा त्यांचा जीव वाचवणाऱ्यांची नावं आमच्या घरात आजही घेतली जातात. बांधावरून त्यांना पाठीवर घेऊन धावलेला चुलतभाऊ, जीपवाला, रात्रपाळीचे डॉक्टर, उशाशी बसून राहिलेल्या सिस्टर. या यादीत मी आणखी एका माणसाला धरते, ते म्हणजे निपाणीच्या सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या स्टोअरचे अण्णा. त्या रात्री ते दवाखान्यात नव्हते आणि बाबांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तरी बाबांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं मोठं देणं मी त्यांचंच मानते.

पावसाळ्याचे दिवस होते. आमचं शिवार वेदगंगेच्या काठचं. पाणी चढलं की साप बांधावर येतात, हे तिकडे पोराटोरांनाही माहीत असतं. संध्याकाळी वैरण कापताना बाबांच्या घोट्याला दंश झाला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, तर तिथे लस नव्हती. ‘कोल्हापूरला न्या’ एवढंच सांगितलं. कोल्हापूर निपाणीपासूनही 40 किलोमीटर. जीपवाल्याने कुणाला न विचारता गाडी निपाणीच्या सरकारी दवाखान्यात घातली.

डॉक्टरांनी काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती 20 मिनिटं न हलवता ठेवली. तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, म्हणजे गोठलंच नव्हतं. घोणसीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि पुढे मूत्रपिंडांवर जातं. लगेच 10 कुप्या सलाईनमधून दिल्या. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा न गोठलेलं रक्त आणि पुन्हा कुप्या. सकाळी नळीतलं रक्त गोठलं, तेव्हा कुठे डॉक्टर खुर्चीवर टेकले. ते म्हणाले, “इतक्या कुप्या एका माणसाला, एका रात्रीत, या दवाखान्यात मिळाल्या, हे अण्णांमुळे हं. त्यांना जाऊन भेटा.”

मी भेटायला गेले तेव्हा अण्णा फळ्यांवर सलाईनची खोकी लावत होते. आभार मानले तर म्हणाले, “माझं काय त्यात? हितं होतं, म्हणून दिलं त्यांनी.” ते संकेश्वरकडचे, घरची भाषा कन्नड, मराठी आमच्यासारखीच. मला ‘तंगी’ म्हणाले, म्हणजे धाकटी बहीण. पुढे बेळगावात डी. फार्म. करून मी त्यांच्याच हाताखाली कामाला लागले, तेव्हाही मी तंगीच राहिले.

त्या कुप्या तिथे कशा होत्या, हे मला त्यांच्याजवळ काम केल्यावर कळलं. सर्पदंशाच्या लशीला विष लागतं. आपल्या देशात ते बहुतांशी चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. 1978 पासून ही माणसं साप पकडून, विष काढून, साप पुन्हा रानात सोडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं ते विष पुढे लस बनवणाऱ्या कंपन्यांत घोड्यांना थोडं थोडं टोचतात. घोड्यांच्या रक्तातून औषध निघतं, सुकवून त्याची भुकटी होते आणि कुपीत बंद होते. मग सरकारी टेंडर, कंपनीची गाडी, जिल्ह्याचं गोदाम, दवाखान्याचं इंडेंट म्हणजे मागणीपत्र. या साखळीत शेवटी निपाणीचं एक कपाट आणि त्यापुढे माझे बाबा. मधल्या एकाने जरी हात आखडता घेतला असता तर इरुळांची सगळी मेहनत आमच्यापुरती वाया गेली असती.

अण्णांनी हात आखडता घेतला नव्हता. वर्षभराचा वापर भागिले बारा, असा सरासरीचा हिशेब बऱ्याच ठिकाणी लावतात. तापाच्या गोळीला तो चालतो. सर्पदंशाला चालत नाही, कारण दंश जून ते सप्टेंबरात एकवटतात आणि उन्हाळ्यात कपाट भरलेलं दिसतं. शिवाय सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, मंजुऱ्या रेंगाळतात आणि नेमका पाऊस लागला की माल वाटेत असतो. अण्णा माघ-फाल्गुनातच मागच्या तीन पावसाळ्यांची रजिस्टरं काढायचे. फक्त त्या चार महिन्यांचा खप बघायचे. इंडेंट पाठवल्यापासून माल यायला किती दिवस लागतात ते त्यात धरायचे. एका रात्रीत दोन पेशंट आले तर, म्हणून आणखी थोडं. मग स्वतः एस.टी.ने बेळगावला जाऊन गोदामात बसायचे. कुप्यांबरोबर काचेच्या नळ्याही यायच्या. त्या कोऱ्याच लागतात, साबणाने धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत ती चाचणी फसते. नळीसारखी स्वस्त वस्तू कुणी मोजत नाही. अण्णा मोजायचे.

पण त्यांच्याकडून मी जे खरं शिकले ते एका पुठ्ठ्याच्या वहीतून. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “तंगी, रजिस्टरात काय दिलं ते असतंय. काय द्यायला नव्हतं, ते कुठं लिवलेलं असतंय?” मला उत्तर सुचलं नाही. कुठल्याच रजिस्टरात ते नसतं. औषध संपलं की त्या दिवसापासून खप शून्य दिसतो. वरच्या कचेरीत बसलेल्या माणसाला वाटतं, या दवाखान्याला त्याची गरजच नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी पाठवलं जातं. ज्या दवाखान्यात टंचाई जास्त, त्याची मागणी कागदावर सगळ्यात कमी. हे कित्येक वर्षं, कित्येक राज्यांत असंच चाललेलं आहे, यात कुणी खोटेपणा केलेला नसतानाही.

म्हणून अण्णा ‘बाहेरून आणा’ म्हणून परत पाठवलेला प्रत्येक माणूस त्या वहीत लिहायचे. तारीख, औषध, किती हवं होतं, कुठल्या गावचा. कुणाचं नाव नाही. विडी वळणाऱ्या बायका त्यात फार होत्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींनी आणि विड्यांनी या भागाला पैसा दिला, तसा खोकलाही दिला. दम्याचा पंप संपला की त्या दिवसाची मजुरी औषधाच्या दुकानात जायची. क्षयाचे पेशंटही होते. क्षयाची गोळी सहा महिने रोज पोटात गेली पाहिजे, मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. 2024 च्या मार्च-एप्रिलात देशभर क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा मला ती वही फार आठवली.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या आमच्या दवाखान्याची अडचण आणखी वेगळी. आमच्याकडे पेशंट जड झाला की उत्तरेला जातो, कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात नाहीतर मिरजेला. औषध मात्र दक्षिणेकडून, बेळगावहून येतं. बाजाराच्या दिवशी महाराष्ट्रातल्या कागल, गडहिंग्लज भागातली माणसंही निपाणीत येतात, आजारी पडली तर इथेच दाखवतात. कर्नाटकच्या लोकसंख्येवर काढलेल्या कोट्यात ती कुठेच धरलेली नसतात. अण्णांनी एकालाही गाव विचारून मागे पाठवलं नाही. वहीत गाव लिहायचे ते भांडणासाठी नाही, पुढच्या इंडेंटसोबत जोडायच्या पत्रासाठी. 2023 मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने हरकत घेतली, तेव्हा दोन्हीकडून पुष्कळ बोललं गेलं. दोन राज्यांच्या शेजारी गोदामांनी अडीनडीला एकमेकांना माल कसा द्यायचा, यावर त्या गदारोळात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तो आहे. कर्नाटकातल्या एका आरोग्य केंद्रात मुदत संपत आलेलं औषध अण्णा फोन करून दुसऱ्या केंद्रात हलवू शकत होते, आणि हलवतही होते. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रात, मात्र ते एक गोळीही रीतसर पाठवू शकत नव्हते.

याच नाक्यावरून जाणाऱ्या रस्त्याने जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कोविशील्ड या कोविडच्या लशीची गाडी बेळगावला आली. लस उतरली ती टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत, जिथे इंग्रजांच्या काळी देवीची लस तयार होत असे. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, “फ्रिजचं तापमान कोण लिहून ठेवतंय? दोनदा लिहा, सकाळी आणि संध्याकाळी.” 2 ते 8 अंश हा त्यांचा ध्यासच होता. लाईट गेली की ते फ्रिजचं दार कुणाला उघडू देत नसत. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन गरम जागी राहिलं तर कुपी तशीच दिसते, आतलं औषध कमजोर झालेलं असतं. मधुमेह्याच्या इन्सुलिनचंही तसंच.

अण्णांची ही रीत एकट्या माणसाच्या अंगावर पेललेली होती, आणि ती तशी असू नये. तामिळनाडूने 1994 साली औषधखरेदीचं वेगळं महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं बांधली आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं. आपल्या वाट्याच्या रकमेतून काय उचलायचं ते दवाखाना ठरवतो, कंपनीने पुरवलेल्या मालाची गुणवत्ता प्रयोगशाळेत तपासली जाते. पुढे केरळ, राजस्थान, कर्नाटक यांनीही महामंडळं केली. महाराष्ट्राने आधी हाफकिनकडे खरेदी दिली, मग 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण आणलं. पण महामंडळाच्या नुसत्या पाटीने कपाट भरत नाही. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 रुग्ण दगावले आणि औषधं होती की नव्हती, यावरच वाद होत राहिला. परत पाठवलेल्यांची वही प्रत्येक वॉर्डात असती तर वाद करायची वेळच आली नसती. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या बाळंतिणी पाठोपाठ गेल्या आणि पुरवलेल्या सलाईनवर संशय आला, तेव्हा कुठल्या बॅचची बाटली कुठल्या वॉर्डात गेली हे तासाभरात सांगता येणं किती मोलाचं, हे सगळ्यांना दिसलं. अण्णांच्या बिन कार्डावर, म्हणजे प्रत्येक औषधाच्या नोंदीच्या कार्डावर, बॅच नंबर आणि वॉर्ड शेजारी शेजारी असायचे. आमच्याकडे आता ‘ई-औषध’चा संगणक आहे आणि त्याने पुष्कळ सोय झाली. त्यातही ‘नव्हतं’ असं लिहायला जागा मिळाली पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

बाबा त्या रात्रीनंतर पुन्हा शेतात गेले, माझं लग्न त्यांनी केलं, नातवंडं खांद्यावर घेतली. दर दिवाळीला फराळाचा डबा अण्णांच्या घरी जातो. अण्णा डबा ठेवून घेतात आणि विचारतात, “या वर्षी पावसाआधी इंडेंट गेलं काय?”

या भागातल्या लोकांना माझी एक विनंती आहे. सरकारी दवाखान्यात ‘हे औषध नाही, बाहेरून आणा’ असं सांगितलं, तर रागावून निघून जाऊ नका. ते कुठेतरी लिहून घ्यायला सांगा, चिठ्ठीवर तारीख टाकून घ्या, ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे ती द्या. आणि ज्यांच्या हातात नेमणुका आहेत त्यांनी स्टोअरला शिकलेला, कायमचा फार्मासिस्ट द्यावा, पावसाळा लागण्याआधी.