दक्षिणेकडचा एकटा ढग

ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी वादळाच्या पाठलागाचा दिवस आभाळाकडे न बघताच सुरू होतो. मे महिना, बाहेर लख्ख ऊन, आणि मोटेलच्या खोलीत सगळे नकाशांवर वाकलेले. अमेरिकेचे वादळ-अंदाज केंद्र याच गावात आहे. देशाच्या नकाशावर ते रोज धोक्याच्या पाच पायऱ्या रंगवते. पण रंगवलेला पट्टा शेकडो मैलांचा असतो आणि आपली गाडी एकच. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि पश्चिमेच्या पठारावरची कोरडी हवा जिथे भिडते, ती रेघ दुपारी कुठवर सरकेल, तेवढेच आमचा वाटाड्या शोधत होता. नुसती ओल पुरत नाही, उंचीगणिक दिशा आणि जोर बदलणारा वाराही लागतो. तो नसला तर ढग उभा राहतो, बरसतो आणि स्वतःच्याच पावसाने विझतो. तो असला तर पाऊस एका अंगाला पडतो, वर चढणारी हवा दुसऱ्या अंगाला मोकळी राहते आणि अख्खा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. हाच सुपरसेल.

वाटाड्याच्या अंदाजावर टेक्सासमधल्या शॅमरॉकला येऊन पेट्रोल पंपावर आम्ही वाट बघत थांबलो. दुपार कलली आणि पश्चिमेला एकामागून एक तीन ढग उभे राहिले, घटकाभरात त्यांचे माथे ऐरणीसारखे पसरले. मी परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याचा. आमच्याकडे वळवाचे आभाळ भरून आले की आधी वाळत घातलेली हळद झाकायची, मग जनावरे आत घ्यायची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चातल्या गारपिटीने मराठवाडा झोडपला, तेव्हापासून काळे आभाळ दिसले की पोटात गोळा येतो. त्याच डोळ्यांनी मी उत्तरेकडचा ढग निवडला : सगळ्यांत उंच, सगळ्यांत काळा. वाटाड्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दमट वारा दक्षिणेकडून येतो, म्हणून रांगेतल्या दक्षिणेकडच्या टोकाच्या ढगाला तो ताजा मिळतो. उत्तरेकडच्यांच्या वाट्याला पुष्कळदा शेजाऱ्याच्या पावसाने गारठलेली हवा येते.

मधला ढग तब्येतीने चांगला होता. तो त्याने रस्त्यांचा नकाशा बघून सोडला. मध्ये कॅनेडियन नदी, तिच्यावर पूल मोजके. वादळ नदी ओलांडून गेले की आपण अलीकडेच अडकणार. वादळ निवडायचे म्हणजे सडकही निवडायची, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. कच्च्या वाटा त्याने आधीच बाद केल्या होत्या. तिथल्या तांबड्या मातीत पावसानंतर चाके फिरतात ती जागच्या जागी, हे मात्र चुडाव्याच्या काळ्या रानात वाढलेल्याला समजावून सांगावे लागले नाही. पळायची वाट ठरल्याशिवाय जवळ जायचे नाही, हा त्याचा नेम. 31 मे 2013 रोजी शेजारच्याच ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ टोर्नेडो अचानक वळला आणि 2.6 मैल रुंद झाला. टिम सॅमरस हे नावाजलेले संशोधक, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. अनुभव त्यांच्याइतका फार थोड्यांकडे होता. वाटाड्या हे सांगत असताना गाडीत कोणी बोलले नाही.

दक्षिणेकडचा ढग आम्ही गाठेपर्यंत दुभंगला होता! एक तुकडा डावीकडे वेगाने निघाला, दुसरा उजवीकडे वळून रेंगाळू लागला. रडारवर दोन्ही सारखेच लाल. वाटाड्याने क्षणाचाही विचार न करता उजवा धरला. इथल्या वाऱ्यात उजवीकडे वळणाराच बहुधा फिरकी धरतो. आम्ही त्याच्या आग्नेयेला जाऊन थांबलो. तिथे पाऊस नव्हता. वादळ समोर आणि वारा आमच्या पाठीमागून, सरळ त्याच्याच दिशेने! गवत ढगाकडे झुकलेले, कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी ढगाकडे फडफडणारी. वादळाचा वारा आपल्या अंगावर येतो एवढेच मला आजवर माहीत होते. इथे ते चारी बाजूंचे रान आत ओढून घेत होते. ढगाच्या सपाट तळाखाली भिंतीसारखा एक लोंबता भाग आला आणि नजरेला कळेल इतक्या वेगाने फिरू लागला. त्याच्या पल्याड गारांचा पडदा पांढुरका-हिरवा चमकत होता.

टोर्नेडो उतरला नाही. वाटाड्याने गारांची खबर हवामान कार्यालयाला दिली, कारण पुढचे गाव त्याच वाटेवर होते, आणि अंधार पडायच्या आत पाठलाग थांबवला. रात्री जो टोर्नेडो दिसत नाही त्याच्या मागे जायचे नाही, म्हणाला.

तिकडे संध्याकाळचे साडेआठ, म्हणजे चुडाव्यात सकाळचे सात. मी दादाला फोन लावून सगळे भडाभडा सांगितले : तीन ढग, दुभंगणे, उलटा वारा.

"गारा केवढ्या?" त्याने विचारले.

"लिंबाएवढ्या."

"आन् रानात काय उभं हाय तिकडं?"

"गहू. काढणीला आलाय."

"मग तुमी निवडला त्यो ढग कुणाच्या रानावर गेला, ते बघितलं का?"

आम्ही ते पाहिले नव्हते. सकाळी मी वाटाड्याला त्या वाटेने गाडी घ्यायला सांगितली.