एक पाकीट, एक लिटर

प्रॅक्टिस सुरू करून मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पावसाळ्याचे दिवस. दीड वर्षाच्या मुलाला घेऊन एक आई दवाखान्यात आली. सकाळपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. मूल खेळत होतं, जीभ ओली होती. मी ओआरएस लिहून दिलं, "थोडं थोडं पाजत राहा" म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. मूल चिडचिडं, तहानेनं कासावीस, मधूनच सुस्त. "डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच पाजतेय हो!" कसं बनवता, असं विचारल्यावर कळलं की ती अख्खं पाकीट एका पेल्यात घालत होती. दाट असलं की ताकद जास्त, असं तिला वाटलं. एक लिटरचं मीठ एका पेल्यात गेलं, तर रक्तातलं मीठ धोकादायक वाढतं. मुलाला लगेच ॲडमिट करावं लागलं. चार दिवसांनी ते बरं होऊन घरी गेलं. पण चूक त्या आईची नव्हती. पाकीट किती पाण्यात घालायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

'पोटाचा फ्लू' म्हणतात तो खरं तर फ्लू नव्हे. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस अशा विषाणूंमुळे आतड्याला सूज येते. बहुतेकांना काही दिवसांत आपोआप बरं वाटतं. विषाणूंवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. खरा धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा.

जुलाब चालू असतानाही आतडं साखर आणि मीठ एकत्र शोषून घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. मोठं पाकीट १ लिटरचं, छोटं २०० मिलीचं असतं. पाणी उकळून गार केलेलं हवं.
- बनवलेलं ओआरएस २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या.
- उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पाजा.
- अंगावरचं दूध बंद करू नका. मऊ भात, खिचडी चालते.
- जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. झिंक डॉक्टरांना विचारून द्या.

सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडलं, मूल गुंगीत गेलं किंवा पोटात काहीच ठरत नसेल, तर घरी थांबू नका.

आजही माझ्या टेबलावर एक लिटरची रिकामी बाटली असते. पाकीट देताना मी ती दाखवतो आणि विचारतो, "आता तुम्ही मला सांगा, कसं बनवणार?" उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढचा पेशंट आत येत नाही.